हाकेला ओ का येत नाही?
(कचेरीतील प्रिंटर संगणकाला न सापडण्याची कारणमीमांसा)

अलीकडे लहानसहान कचेऱ्यांतूनही एकच प्रिंटर अनेक संगणकांनी मिळून वापरण्याचा प्रघात पडला आहे. पंचायतीची कचेरी असो, पतसंस्था असो, वकिलाचे कार्यालय असो वा शाळेचे. कोपऱ्यात प्रिंटर, चारदोन मेजांवर संगणक आणि भिंतीवर लुकलुकत्या दिव्यांचा राउटर, हा देखावा सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रिंटर कोठे आहे हे संगणकाला बहुधा कोणी सांगावे लागत नाही. तो आपण होऊन त्याला हुडकून काढतो. परंतु एखाद्या दिवशी, आणि तेही नेमक्या घाईच्या वेळी, पडद्यावर 'प्रिंटर सापडला नाही' अशी अक्षरे उमटतात. हातभर अंतरावर प्रिंटर दिवा लावून उभा आहे आणि संगणक म्हणतो, तो नाहीच!

हा प्रकार वरवर पाहता क्षुल्लक वाटेल; पण ज्याला दाखला हवा असतो त्याला तो क्षुल्लक नसतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे, दोन बसगाड्या बदलून पालक कचेरीत पोचला आहे, आणि खिडकीतून उत्तर येते, "आज मशीन चालत नाही, उद्या या." त्या माणसाचा एक दिवसाचा रोज बुडतो, कदाचित मुलाची शिष्यवृत्तीही. दुसरीकडे कचेरीचा पैसा वाया जातो तो निराळाच; कारण निर्दोष प्रिंटरला दोषी ठरवून नवा आणला जातो आणि पुष्कळदा तोही सापडत नाही. वास्तविक या दोषाचे मूळ बहुधा प्रिंटरमध्ये नसतेच. ते कोठे असते व क्रमाने कसे शोधावे, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विद्यार्थिमित्रांनी तो विशेष लक्षपूर्वक वाचावा. कारण घरी वा वडिलांच्या दुकानात असा प्रसंग आला की वडीलधारी माणसे प्रथम तुम्हांलाच हाक मारतात.

प्रथम हा शोध चालतो कसा ते पाहू. आमच्या गोव्यात पहाटे पोदेर सायकलचा भोंपू वाजवीत वाड्यात शिरतो. तो कोणाच्या नावाने हाक मारीत नाही. पाव आला आहे, एवढे तो साऱ्या वाड्याला कळवितो. ज्याला हवा तो दार उघडतो, बाकीचे कुशीवर वळतात. प्रिंटर सुरू होऊन जाळ्यात शिरला म्हणजे तोही असाच भोंपू वाजवितो: "मी अमुक नावाचा प्रिंटर, माझा पत्ता अमुक." उलट संगणकालाही गरज पडली की तो विचारतो, "येथे कोणी छापणारा आहे काय?" हा प्रश्न एकाला उद्देशून नसून सर्वांसाठी असतो. त्यासाठी २२४.०.०.२५१ हा एक सामाईक पत्ता राखून ठेवलेला आहे. तो कोणा एका यंत्राचा पत्ता नव्हे. त्यावर बोललेले त्या जाळ्यातील सर्व इच्छुक यंत्रांनी ऐकावयाचे, असा संकेत आहे. विंडोजच्या संगणकांना याच धर्तीची आणखी एक रीत अवगत असून तिचा पुकार २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर होतो.

या पद्धतीचा इतिहासही मनोरंजक आहे. १९८५ साली ॲपल कंपनीने लेझररायटर हा प्रिंटर बाजारात आणला. त्या कंपनीच्या संगणकांवर तेव्हाही यादीतून नाव निवडले की काम भागत असे. पुढे सर्वत्र इंटरनेटची भाषा रूढ झाली आणि नावांच्या जागी अंकांचे पत्ते आले. जुनी सोय नव्या भाषेत पुन्हा आणण्याचा उद्योग स्टुअर्ट चेशायर या अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी केला. २००२ साली ॲपलने ती 'राँदेव्हू' या नावाने प्रसिद्ध केली. २००५ साली तिचे नाव 'बाँजूर' झाले आणि २०१३ साली तिचे नियम सर्वांसाठी प्रमाण म्हणून छापले गेले. बाँजूर हे फ्रेंच भाषेतील अभिवादन आहे. आमच्याकडे 'देव बरो दीस दिवूं' म्हणतात, तसेच ते. ओळखदेख नसलेल्या दोन यंत्रांनी एकमेकांना नमस्कार करून कामाला लागावे, या कल्पनेला याहून समर्पक नाव कोणते मिळणार!

मात्र या नमस्काराला एक मर्यादा आहे आणि आमच्या विषयाचे सारे मर्म तीत साठविलेले आहे. पोदेराचा भोंपू वाड्यापुरता ऐकू जातो. नदीपलीकडच्या गावाला तो ऐकू जात नाही. त्याचप्रमाणे संगणकाची ही हाक त्याच्या स्वतःच्या जाळ्यापुरतीच असते. राउटर ती एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाऊ देत नाही. हा दोष नव्हे. ही मुद्दाम केलेली योजना आहे. नाहीतर प्रत्येक कचेरीची हाक जगभर घुमत राहिली असती.

आता 'सापडला नाही' या शब्दांचा अर्थ नीट लावता येईल. आपल्या प्राचीन तत्त्ववेत्त्यांनी अनुपलब्धी, म्हणजे एखादी वस्तू न आढळणे, याचा बारकाईने विचार केला आहे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असे सिद्ध होत नाही. असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणे ठरते. संगणकाचे म्हणणे याच कसोटीवर घासून पाहावे. त्याने हाक मारली आणि ओ आली नाही, इतकेच त्याला ठाऊक आहे. हाक पोचली की नाही, हे आपण तपासावयाचे. ही तपासणी पुढील क्रमाने करावी.

पहिली पायरी प्रिंटरपाशीच. संगणकाला हात न लावता प्रिंटरच्याच बटणांवरून त्याच्या जाळ्याची माहिती देणारे पान छापावे. बहुतेक प्रिंटरांत ही सोय असते. ते पान स्वच्छ छापून आले तर कागद, शाई आणि यंत्र ठीक आहेत, हे सिद्ध झाले आणि अर्धा संशय फिटला. त्या पानावर प्रिंटरचा आयपी पत्ता असतो, वायफाय असल्यास त्याचे नावही असते. पत्त्याच्या जागी नुसती शून्ये असतील तर प्रिंटर जाळ्याला जोडलेलाच नाही. केबल निसटली असेल, किंवा राउटर बदलला, वायफायचा पासवर्ड बदलला आणि प्रिंटरला तो सांगावयाचा राहून गेला. पत्त्याचा आरंभ १६९.२५४ या अंकांनी होत असेल तर समजावे की, राउटरकडून पत्ता मिळाला नाही म्हणून प्रिंटरने स्वतःच एक पत्ता धारण केला आहे. अशा वेळी प्रिंटर आणि राउटर यांमधील जोडणीच तपासावी. आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. अनेक स्वस्त प्रिंटरांना वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाच तेवढा ऐकू येतो; राउटरवर केवळ ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू ठेवला तर ते बिचारे बहिरेच राहणार.

दुसरी पायरी पत्ते ताडून पाहण्याची. संगणकाच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर त्याचा पत्ता दिलेला असतो. लहान कचेरीत सामान्यतः पहिले तीन अंक वाड्याचे नाव सांगतात आणि चौथा घराचा क्रमांक. प्रिंटर १९२.१६८.१.२५ वर आणि संगणक १९२.१६८.१.४० वर असेल, तर दोघे एका वाड्यातले. पण संगणक १९२.१६८.०.४० वर असेल, तर वाडे दोन झाले आणि हाक वेशीवरच थांबली.

हे दोन वाडे होतात कसे? फार साध्या रीतीने. इंटरनेट पुरविणारी कंपनी आपला राउटर बसवून जाते. त्याचा वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही, म्हणून कचेरी बाजारातून दुसरा राउटर आणते आणि पहिल्याची केबल त्याच्या इंटरनेटसाठी असलेल्या खाचेत खुपसते. सर्वत्र इंटरनेट चालू होते आणि सर्वजण समाधान पावतात. परंतु दुसऱ्या राउटरने आपल्यामागे एक स्वतंत्र जाळे उभारलेले असते. येथे एक चमत्कारिक अनुभव येतो. प्रिंटर पहिल्या राउटरवर व संगणक दुसऱ्याच्या मागे असेल, तर प्रिंटर यादीत दिसत नाही. पण त्याचा पत्ता स्वहस्ते लिहिला तर कागद छापून येतो. उलट प्रिंटर दुसऱ्याच्या मागे व संगणक पहिल्यावर असेल, तर पत्ता लिहूनही बहुधा उपयोग होत नाही. कारण आतून बाहेर जाण्यास राउटर वाट देतो, बाहेरून आत येणाऱ्यास अडवितो. यावर उपाय असा की, दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' या पद्धतीवर ठेवावे. मग तो वेगळे राज्य न मांडता पहिल्याचाच आवाज पुढे पोचवितो आणि दोन वाड्यांचा एक वाडा होतो.

तिसरी पायरी, वाडा एकच असूनही प्रिंटर सापडत नसेल तेव्हाची. संगणकावरील ब्राउझरमध्ये, जेथे एरव्ही संकेतस्थळाचे नाव लिहितो तेथे, प्रिंटरचा पत्ता लिहावा. जाळ्यावर चालणाऱ्या बहुतेक प्रिंटरांचे स्वतःचे एक पान असते. ते उघडले तर वाट मोकळी आहे, फक्त हाक ऐकू जात नाही. ते उघडलेच नाही तर वाटच अडलेली असण्याचा संभव अधिक. याचे नेहमीचे कारण म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेले 'गेस्ट' वायफाय. पाहुण्याने इंटरनेट वापरावे, पण घरातील कपाटे उघडू नयेत, म्हणून त्या वायफायवरील यंत्रांना इतर यंत्रांशी बोलू दिले जात नाही. लिपिकाचा लॅपटॉप चुकून त्यावर जोडला गेला की प्रिंटर अंतर्धान पावतो! काही राउटरांत मुख्य वायफायवरही असे निर्बंध घालता येतात. तेही पाहून घ्यावे.

चौथी पायरी संगणकाच्या द्वारपालाची. विंडोज प्रत्येक जाळ्याला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असे लेबल लावते. पब्लिक म्हणजे हॉटेल वा रेल्वेस्थानक यांसारखी परकी जागा. तेथे शोधाची देवघेव बंद ठेवलेली असते. कचेरीच्या स्वतःच्या जाळ्याला चुकून हे लेबल लागले असेल तर ते प्रायव्हेट करावे. संगणकावर व्हीपीएन चालू असेल तर ते थोडा वेळ बंद करून पाहावे. कारण त्याच्या भुयारात शिरलेली हाक दूरच्या गावी निघते आणि शेजारच्या मेजावर पोचत नाही. मात्र येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. "फायरवॉलच बंद करून टाका, सगळे चालेल," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो मानू नये. पोदेराचा भोंपू ऐकू येत नाही म्हणून कोणी घराचे दार काढून ठेवीत नाही. ज्या कचेरीत लोकांची कागदपत्रे आहेत, तेथे तर हा अविचार अक्षम्य होय.

राहता राहिला 'काल होता, आज नाही' हा प्रकार. राउटर पत्ते कायमचे देत नाही, मुदतीने देतो. वीज जाऊन आली किंवा सुट्टीनंतर यंत्रे सुरू झाली की प्रिंटरला नवा पत्ता मिळू शकतो; संगणक मात्र जुन्याच दारावर ठोठावीत बसतो आणि प्रिंटर 'ऑफलाइन' आहे असे सांगतो. म्हणून राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवावा. प्रत्येक प्रिंटरला त्याच्या कारखान्यातच एक मॅक क्रमांक दिलेला असतो. तो नोंदविला की राउटर त्या प्रिंटरला सदैव तोच पत्ता देतो. मग संगणकावर प्रिंटर जोडताना यादीवर विसंबून न राहता तोच पत्ता लिहावा. लहान कचेरीला यापरता खात्रीचा उपाय नाही. कारण ज्याचा पत्ता पक्का ठाऊक आहे त्याला हाका मारीत हिंडावे लागत नाही.

या सर्व पायऱ्या चढताना दोन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहूनच दुसरीला हात घालावा. चार बटणे एकदम दाबली तर प्रिंटर चालू लागला तरी कशाने चालू लागला हे कळत नाही, आणि तोच दोष पुन्हा उद्भवला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. दुसरे पथ्य असे की, प्रिंटरचे नाव, त्याचा राखीव पत्ता, वायफायचे नाव आणि शेवटचा बदल कोणी व कधी केला, एवढे एका पुठ्ठ्यावर लिहून तो प्रिंटरच्या बाजूला चिकटवावा. पासवर्ड मात्र तेथे लिहू नये. जाणकार माणूस रजेवर असला तरी हा पुठ्ठा कचेरी चालवितो.

सारांश, ओ आली नाही म्हणजे माणूस घरी नाही असे नव्हे. हाक कोठवर पोचली हे पायरीपायरीने पाहावे. ज्या ठिकाणी ती अडली असेल, दोष तेथेच सापडेल. असे पाहणारा एक जरी मुलगा वा मुलगी कचेरीत असली, तरी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला 'उद्या या' असे ऐकावे लागणार नाही.