वाळवंटातला घाट आणि सोबतचा गडी
नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत संपवली. एक चालवणार, दुसरा गाडीत विसावा घेणार. कॅलिफोर्नियाचा किनारा सोडला की आधी डोंगर, मग थेट वाळवंट.

आपला तवंदी घाट चढताना घाम ठिबकतो, म्हणून पाण्याची आठवण तरी होते. तिथल्या कोरड्या हवेत घाम आल्याआल्या वाळतो. अंग कोरडं, पण पाणी आणि मीठ चाललेलंच. पाठीवर मिठाचे पांढरे डाग उमटतात, ते दिसतात सोबतच्यालाच. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ लागतंच.

उन्हाळ्यात निपाणी-बेळगाव मारणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं: सोबती बोलताना अडखळला, की सावलीत बसवा, अंगावर पाणी ओता, डॉक्टरला बोलवा. 'काय न्हाई रे, चल' म्हणाला तरी.