मुळशीच्या मैदानापासून विद्यापीठाच्या पदकतक्त्यापर्यंत

महाविद्यालयाच्या वार्षिक पारितोषिक समारंभात प्राचार्य अहवाल वाचू लागले की त्यात क्रीडा विभागाचा एक परिच्छेद हमखास येतो. ‘आंतरविभागीय स्पर्धेत विजेते’, ‘पश्चिम विभागीय स्पर्धेसाठी निवड’, ‘अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत सहभाग’ असे शब्द भराभर कानांवरून जातात, आई-वडील टाळ्या वाजवितात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. या शब्दांमागची शिडी नेमकी किती उंच आहे, हे मात्र सभागृहातील फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुले-मुली आज महाविद्यालयीन संघांतून खेळत आहेत. त्यांच्या पालकांना ही वाट समजावी, या हेतूने आम्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे २०१९-२० हे वर्ष येथे उदाहरणादाखल घेत आहोत. महाविद्यालयीन क्रीडायशाचे गणित उलगडून पाहण्यासाठी आपल्या परिसरात याहून बोलके वर्ष आम्हांस आढळले नाही.

प्रथम शिडीविषयी. या विद्यापीठाचे क्षेत्र पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. खेळांसाठी त्याचे चार विभाग केले जातात : पुणे शहर, पुणे जिल्हा, अहमदनगर आणि नाशिक. महाविद्यालयाचा संघ आधी आपल्या विभागातील इतर महाविद्यालयांशी खेळतो. विभागातून निवडलेले खेळाडू आंतरविभागीय स्पर्धेत उतरतात आणि तेथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. या पायरीनंतर महाविद्यालयाचे नाव मागे पडते आणि मुलाच्या अंगावर विद्यापीठाचा गणवेश चढतो. सांघिक खेळांत विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागात खेळतो, तेथील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात, आणि अखिल भारतीय स्पर्धेतील पहिल्या आठांना ‘खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धे’चे दार उघडते. त्याही पलीकडे जागतिक विद्यापीठ स्पर्धा आहेत. नाशिकच्या संजीवनी जाधव हिने २०१७ साली तैपेई येथे अशाच स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले होते.

‘खेलो इंडिया’ची विद्यापीठांसाठीची पहिली स्पर्धा २२ फेब्रुवारी ते १ मार्च २०२० या काळात ओडिशात, मुख्यतः भुवनेश्वर येथे झाली. खेळ सतरा होते, दीडशेहून अधिक विद्यापीठे आली होती आणि खेळाडूंची संख्या तीन हजारांच्या वर होती. पुणे विद्यापीठाने १७ सुवर्ण, ११ रौप्य व ९ कांस्य अशी एकूण ३७ पदके मिळविली. चंडीगढच्या पंजाब विद्यापीठाची सुवर्णपदकेही नेमकी १७च भरली. पदकतक्त्यात आधी सुवर्ण मोजले जाते, ते सारखे झाले तर रौप्य. पंजाबकडे १९ रौप्यपदके होती, म्हणून विजेतेपद तिकडे गेले आणि पुणे दुसऱ्या स्थानी राहिले.

उत्तरेकडील विद्यापीठांचा महाविद्यालयीन खेळांतील दबदबा ज्यांना माहीत आहे, त्यांना या दुसऱ्या स्थानाचे मोल कळेल. आंतरविद्यापीठ कामगिरीसाठी १९५६-५७ पासून दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक एकट्या अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने वीसहून अधिक वेळा नेला आहे. तेथे खेळाडूला वसतिगृह, आहार व शिक्षक पुरविण्याची परंपरा जुनी आहे. आपल्याकडे हे ओझे बहुतांशी घरच वाहते.

आता थोडे पदकांच्या हिशेबाविषयी, कारण गैरसमज येथेच होतात. जलतरणपटू एका स्पर्धेत चार-पाच प्रकारांत उतरू शकतो. त्या वर्षी पुण्याच्या साध्वी धुरी या जलतरणपटूने एकटीने अनेक सुवर्णपदके आणली. कबड्डीच्या संघात मात्र बारा खेळाडू असतात, सात मैदानात उतरतात, कित्येक सामने खेळून ते अंतिम फेरी जिंकतात, आणि तक्त्यावर त्यांचे सुवर्ण एकच लिहिले जाते. जलतरण, नेमबाजी, टेनिस यांना तलाव, शस्त्र, शिकवणी अशी महागडी साधने लागतात. कबड्डीला आखलेली जमीन पुरते. म्हणून पदकतक्ता पाहून ‘शहरातील मुलांनीच सारे केले’ असा निष्कर्ष काढणे ग्रामीण संघांवर अन्याय करणारे ठरते. आणखी एक गंमत अशी, की भुवनेश्वरच्या त्या सतरा खेळांत खो-खो नव्हता. ज्या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने घालून दिले, त्यातील कौशल्याचा आपल्या विद्यापीठाला तेथे काडीचाही उपयोग झाला नाही. मल्लखांब व योगासने यांना प्रवेश मिळाला तो २०२२च्या दुसऱ्या स्पर्धेत. खो-खोची महती जगाने पुढे पाहिली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरविले, आणि त्या दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, पुण्याचेच होते.

या साऱ्यात मुळशी कोठे येते, असे वाचक विचारतील. पुण्याच्या पश्चिमेस बालेवाडीजवळ जे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे, त्याचे पूर्ण नाव घेताना ‘म्हाळुंगे-बालेवाडी’ असे म्हटले जाते, आणि म्हाळुंगे हे मुळशी तालुक्यातील गाव. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी हे संकुल उभे राहिले. ऑक्टोबर २००८ मध्ये तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाली व भारताने ३३ सुवर्णांसह पहिले स्थान मिळविले. जुलै २०१३ मध्ये आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली, जानेवारी २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा झाली, आणि त्या वेळी महाराष्ट्र २२८ पदकांसह अव्वल ठरला. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळविणाऱ्या स्वप्नील कुसाळे याचा सरावही याच संकुलात झाला आहे.

परंतु संकुल दाराशी असणे वेगळे आणि ते रोजच्या सरावाला मिळणे वेगळे. चांदणी चौक सोडून भूगाव, भुकूम, पिरंगुट ओलांडीत पौडकडे गेले की चित्र पालटते. पौडपासून म्हाळुंगे गाठायचे म्हणजे एसटी, पीएमपी आणि वाहतुकीची कोंडी यांत सरावाएवढाच वेळ जातो. त्यात महाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. ताम्हिणीच्या बाजूस राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी काही आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे संघनिवडीच्या अगदी तोंडावर, मैदानावर चिखल असतो. मातीत तयार झालेल्या कबड्डीपटूला पुढे एकदम मॅटवर आणि बूट घालून उतरावे लागते. पाय वळतो, गुडघा दुखावतो, आणि वर्ष तेथेच संपते. कुस्तीत हा तालुका मुळातच नावाजलेला आहे. पण तेथेही लाल मातीकडून गादीकडे जाण्याचा प्रश्न सुटलेला नाही.

जमिनीचा प्रश्नही आम्हांस टाळता येत नाही. हिंजवडी-माणच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानानंतर या तालुक्यातील शेतजमिनींचे जे झाले, ते ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८च्या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचले. चित्रपटातील सारे खरे मानण्याचे कारण नाही. तथापि हातात पैसा आलेल्या व काम नसलेल्या तरुणासाठी संध्याकाळचे दोन तास मैदानावर जाणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, एवढे त्यातून नक्कीच कळते.

याच तालुक्यात पौडजवळच्या डोंगरावर १९९७ साली सुरू झालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. देशोदेशीचे विद्यार्थी तेथे दोन वर्षे एकत्र राहतात. या चळवळीचे आद्य प्रेरक कुर्ट हान यांच्या विचारात शरीराचे कष्ट व समाजसेवा यांना अभ्यासाइतकेच स्थान होते, म्हणून तेथील अभ्यासक्रमात शारीरिक उपक्रम सर्वांनाच करावा लागतो. करंडकांची संख्या हा तेथे यशाचा मापदंड नाही. आमच्या मते दोन्ही दृष्टी लागतात. ज्याला पदक मिळणार नाही त्यालाही खेळू द्यावे, आणि ज्याला मिळू शकेल त्याला ते घेण्याची साधने द्यावीत. आपली बहुतेक महाविद्यालये दुसरे जेमतेम करतात आणि पहिले विसरतात.

पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचा लाभ प्रमाणपत्राच्या पडताळणीनंतरच मिळतो, आणि बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून ही छाननी कडक झाली आहे. केवळ सहभागाचे प्रमाणपत्र आणि स्थान मिळविल्याचे प्रमाणपत्र यांत फार मोठे अंतर आहे. स्पर्धा कोणत्या स्तराची होती, अधिकृत संघटनेची होती का, हे त्याच वर्षी शारीरिक शिक्षण संचालकांना विचारून घ्यावे आणि मूळ कागद जपून ठेवावेत. पाच वर्षांनी शोधाशोध करून काही हाती लागत नाही.

आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वयाची मर्यादा सतरा ते पंचवीस वर्षे अशी आहे. भुवनेश्वरची स्पर्धा १ मार्च २०२० रोजी संपली आणि त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात देशभर टाळेबंदी आली. मैदाने, तालमी, तलाव सारे बंद झाले. पुढची स्पर्धा बेंगळुरू येथे भरली ती २४ एप्रिल २०२२ रोजी. आधीच्या वेळी चोवीस वर्षांचे असलेले खेळाडू तोवर वयोमर्यादेबाहेर गेले होते. पंजाबने पुण्याला ज्या आठ रौप्यपदकांनी मागे टाकले, ती भरून काढण्याची संधी त्यांना पुन्हा मिळाली नाही.