जुन्या पेठेची शुश्रूषा

कोणत्याही जुन्या शहरांत गेलें असतां त्याचा मध्यभाग ओळखण्यास वेळ लागत नाहीं. जेथें बाजारपेठ, देवालय आणि जुने वाडे असतात, तेथेंच बहुधा गल्ल्या अति अरुंद, घरें जीर्ण आणि माणसांची दाटी फार, असें दिसून येतें. शहराचें हें हृदयच रोगग्रस्त झालें तर काय करावें? नकाशावर सरळ रेघ ओढून तिच्या आड येईल तें पाडून टाकावें, कीं वस्ती राखून रोग तेवढा दूर करावा? ह्या प्रश्नाच्या उत्तरावर असंख्य कुटुंबांचें सुखदुःख अवलंबून असतें. म्हणून विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं त्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

पहिल्या मार्गाचें उदाहरण मुंबईचें होय. तेथें १८९६ सालीं प्लेगची सांथ उद्भवली आणि १८९८ सालीं शहर सुधारण्यासाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दाट वस्तींतून रुंद रस्ते काढले व त्यांवाटे समुद्राचा वारा आंत आणिला. हा लाभ लहान नव्हे. परंतु ज्यांचीं घरें पडलीं त्या सर्वांस दुसरीं घरें वेळेवर मिळालीं नाहींत. गरिबास कामाच्या ठिकाणापासून दूर राहणें परवडत नाहीं. तेव्हां पुष्कळ लोक शेजारच्याच चाळींत शिरले. म्हणजे एका गल्लींतील गर्दी दुसऱ्या गल्लींत गेली, इतकेंच!

दुसरा मार्ग दाखविणारे गृहस्थ म्हणजे स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२). हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. एडिंबरो शहराचा जुना भाग गलिच्छ झाल्यामुळें सुखवस्तु लोक तो सोडून गेले होते. गेडिस मात्र विवाहानंतर लवकरच पत्नीसह त्याच भागांत राहावयास गेले, आणि शेजाऱ्यांच्या साह्यानें त्यांनीं घरें व अंगणें सुधारण्यास आरंभ केला. पुढें १९१४ सालीं ते हिंदुस्थानांत आले, अनेक शहरें पायीं हिंडून त्यांनीं त्यांविषयीं अहवाल लिहिले, आणि १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत ते समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

आपल्या पद्धतीस ते राखणारी शस्त्रक्रिया म्हणत. कुशल वैद्य बोट दुखतें म्हणून हात कापीत नाहीं. प्रथम रोगाचें निदान करितो. त्याचप्रमाणें गेडिस प्रथम प्रत्येक गल्ली हिंडत. कोणतें घर भक्कम आहे, कोणतें दुरुस्त होईल, कोणतें निरुपयोगी झालें आहे, विहीर कोठें, झाड कोठें, हें सर्व पाहून मग ते योजना आंखीत. केवळ पडीक घरें काढावयाचीं, आणि मोकळी झालेली जागा शेजारच्या अंगणास जोडून लहानसा चौक करावयाचा. त्यांत एखादें झाड लाविलें कीं मुलांस खेळावयास व बायकांस बसावयास सांवली झाली. असे चौक एकमेकांस जोडीत गेलें कीं उजेड व वारा आपोआप आंत येतो, फारच थोड्या लोकांस घर सोडावें लागतें, आणि खर्चही पुष्कळ वांचतो. जुनें तळें हिंवतापाच्या भीतीनें बुजविण्यासही त्यांचा विरोध असे. तळें स्वच्छ करून त्यांत मासे व बदकें पाळावीं, म्हणजे तीं डासांच्या अळ्या खातील, असें ते सांगत.

होळकरांच्या इंदूर शहराविषयीं त्यांचा अहवाल १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्या शहरास प्लेगचें भय होतें. तेव्हां त्यांनीं दिवाळींत एक मोठी मिरवणूक काढविली आणि आधींच जाहीर केलें कीं, ज्या मार्गावरील घरें अधिकांत अधिक स्वच्छ व दुरुस्त केलेलीं आढळतील, त्या मार्गानें ती जाईल. मग काय, घरोघर झाडलोट सुरू झाली! मिरवणुकींत उंदीर व डास ह्यांच्या प्रचंड आकृति होत्या. आणि शहराची सफाई करणारे लोक शुभ्र वस्त्रें लेऊन व फुलें धारण करून सन्मानानें चालत होते.

ह्या मार्गांत अडचणी नाहींत असें नाहीं. कचेरींत बसून पट्टीनें रेघ ओढणें सोपें. प्रत्येक उंबरठ्यापाशीं जाऊन विचारपूस करणें कठीण. त्यास काळ व धीर दोन्ही लागतात. शिवाय कित्येक घरें इतकीं खचलेलीं असतात कीं तीं पाडल्यावांचून गत्यंतरच नसतें. अशा वेळीं तेथील रहिवाशांची सोय आधीं व जवळच करावी, आणि मगच कुदळ उचलावी, हें न्यायाचें होय.

पवित्र शास्त्रांत नहेम्याची कथा आहे. यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधण्यापूर्वीं तो रात्रीं थोडीं माणसें बरोबर घेऊन निघून पडक्या भिंती पाहून आला. आणि पुढें काम सुरू झालें तेव्हां कित्येकांनीं आपापल्या घरासमोरचा भाग स्वतः बांधून काढिला. आधीं पाहणी, मग सर्वांचे हात, हाच क्रम गेडिस ह्यांचाही होता.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एक कागद व पेन्सिल घेऊन आपल्याच पेठेंतील एका गल्लीचा नकाशा काढून पाहा. घरें, झाडें, नळ व विहिरी मांडा. आणि एखाद्या पडक्या घरांत कोणी म्हातारीं माणसें राहात असतील तर, हें घर गेलें तर तुम्ही कोठें जाल, असें त्यांस आदरानें विचारा. तें उत्तरही नकाशाच्या कडेस लिहून ठेवा.