कोशातील नोंद आणि पुराव्याचा प्रश्न

कोशात छापले आहे ते खरेच असणार, अशी आपल्याकडे समजूत आहे. विद्यार्थी कोश उघडतो, उतारा उतरवून घेतो आणि मोकळा होतो. पण कोश स्वतः काही पाहत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्यावर विसंबून तो बोलतो. केतकरांचा ज्ञानकोश, मराठी विश्वकोश आणि २००३ पासून मराठीत असलेला विकिपीडिया, तिघांच्याही बाबतीत हे खरे आहे. विकिपीडियावर तर कोणीही लिहू शकतो. म्हणूनच तेथे प्रत्येक विधानामागे प्रसिद्ध झालेला, कोणालाही तपासता येईल असा आधार मागितला जातो. नियम योग्य आहे. परंतु ज्यांच्या हाती शतकानुशतके लेखणीच येऊ दिली नाही, त्यांच्याविषयी आधार कोणाचा घ्यावयाचा?

महाडचेच उदाहरण घेऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. या घटनेवर नोंद लिहावयाची तर समोर कोणते कागद येतात?

पहिला कागद १९२३ सालच्या बोले ठरावाचा. मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरविले, एवढे त्यावरून सिद्ध होते. पाणवठे खरोखर खुले झाले, हे सिद्ध होत नाही. ठराव म्हणजे अंमल नव्हे.

दुसरा 'बहिष्कृत भारत'. ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे घटनेनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ते सुरू झाले. 'हे तर चळवळीचेच पत्र' म्हणून त्याला पक्षपाती ठरविणारे विद्वान आहेत. सवर्णांच्या पत्रांना मात्र तीच कसोटी लावण्याचे त्यांना सुचत नाही. तथापि आपणही त्याची पोथी करू नये. चळवळीची भूमिका काय होती, आपल्या माणसांवर काय गुदरले, यासाठी इतकी जवळची साक्ष दुसरी मिळणे कठीण. विरोधकांचे म्हणणे काय होते, यासाठी मात्र विरोधकांचेच कागद वाचले पाहिजेत.

तिसरा, १७ मार्च १९३७ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी आहे, हे सवर्ण वादींना शाबीत करता आले नाही. दोन्ही बाजू ऐकून दिलेला म्हणून या कागदाला वजन आहे. पण कोर्ट समोर आलेल्या मुद्द्यापुरतेच बोलते. पाणी पिऊन परतणाऱ्यांना झालेली मारहाण हा त्या दाव्याचा विषय नव्हता.

चौथा प्रकार चरित्रांचा. धनंजय कीरांचे इंग्रजी चरित्र १९५४ साली आले. अनेक कागद एकत्र करून लिहिलेल्या अशा ग्रंथांवर कोशाची मुख्य भिस्त असते. येथेही सावध राहावे. महाडच्या परिषदेला किती लोक जमले, याचे आकडे पुस्तकागणिक बदलतात. आपल्याला आवडणारा मोठा आकडा उचलणे हा अभ्यास नव्हे. कोण किती सांगतो ते नावानिशी द्यावे आणि त्याने तो आकडा कोठून घेतला ते पाहावे. एकाच पुस्तकावरून दहा जणांनी उतरवून घेतले असेल, तर ते दहा साक्षीदार होत नाहीत, साक्षीदार एकच.

तात्पर्य, 'विश्वसनीय' ही कोणत्याही ग्रंथाला कायमची मिळालेली पदवी नव्हे. कोणत्या विधानासाठी विश्वसनीय, हा खरा प्रश्न आहे. कोणी लिहिले, केव्हा, कोणासाठी, आणि त्याला ते कसे कळले, हे चार प्रश्न विद्यापीठाच्या ग्रंथालाही विचारावेत आणि आपल्या माणसाच्या पुस्तकालाही.

आपल्या वस्त्यांतील वडीलधाऱ्यांकडे ऐकीव इतिहास पुष्कळ आहे. कोश तो जसाच्या तसा स्वीकारत नाही. यावर नुसते संतापून भागणार नाही. सांगणाऱ्याची संमती घेऊन, नाव, गाव आणि तारखेसह तो टिपला पाहिजे, दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहिला पाहिजे आणि छापला पाहिजे. १९७९ पासून शासनाने बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, म्हणून आज आपण पृष्ठांकासह त्यांचा आधार देऊ शकतो. गावोगावच्या सामान्य सत्याग्रहींच्या आठवणींसाठी हे काम दुसरा कोणी करील, या आशेवर बसण्यात अर्थ नाही. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ते आपल्या गावापासून सुरू करावे. सांगणारी माणसे थकत चालली आहेत.