जुनी अ‍ॅव्हेंजर घेताना

मैत्रिणींनो, गटाच्या कर्जातून जुनी अ‍ॅव्हेंजर घेऊ का, असं ताथवड्यात आम्हाला बऱ्याच जणी विचारतात. आकुर्डीच्या बजाजने २००५ मध्ये आणलेली ही गाडी. सीट बुटकी, पाय जमिनीला नीट टेकतात. वजन मात्र दीडशे किलोच्या पुढे. बंद गाडी स्वतः ढकलून, वळवून बघा.

पण आधी आरसी. नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. तो खर्च किमतीतून वजा करायला लावा. आरसीवर बँकेचा बोजा दिसला तर फॉर्म ३५ मागा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. नाहीतर गाडी दुसऱ्याच्या नावावर, हप्ते आपल्या डोक्यावर आणि गटाची बचत अडकलेली. विमाही नावावर करून घ्या.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं. आधीच तापवून ठेवलं असेल तर सरळ परत या, दुसऱ्या दिवशी जा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काम मोठं निघणार. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का, टायरला भेगा आहेत का, तेही पाहा. हिच्या इंजिनला प्लग दोन असतात; मेकॅनिक एकच बदलत असेल तर विचारा.

घरी आणल्यावर पहिलं काम, इंजिन ऑइल बदलणं. चेन उघडी असते, पावसाळ्यात दर आठवड्याला पुसून तेल द्या.