रावेरच्या विद्यार्थ्याची घरची वाट

दिवाळीची सुटी जाहीर झाली की पुण्यातील वसतिगृहांत फराळाच्या आधी गाडीची चर्चा सुरू होते. रावेर, यावल, चोपडा या भागांतील विद्यार्थ्यांसाठी ही चर्चा अधिक चिंतेची असते. सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यातील रावेर हा महाराष्ट्राच्या सीमेवरचा तालुका. पलीकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर. भुसावळ-खंडवा मार्गावर रावेरला रेल्वे स्थानक आहे, पण लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या तेथे थांबत नाहीत. त्यामुळे बहुतेकांना भुसावळ किंवा जळगावला उतरून सावदा-फैजपूरमार्गे पुढची वाट धरावी लागते. गाडी अवेळी पोहोचली, तर पहाटेपर्यंत स्थानकातच बसून राहण्याची पाळी येते. चारशे किलोमीटरचा प्रवास एका झोपेत संपतो. उरलेले साठ-सत्तर किलोमीटर मात्र संपता संपत नाहीत.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्राच्या शिक्षणात या गाडीचा वाटा मोठा आहे. मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. विद्यार्थ्यांचे जेवणाचे डबेही एसटी विनाशुल्क पोहोचवते. गावाहून सकाळी निघालेला डबा दुपारी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी मुलाच्या हाती पडतो, तो याच सवलतीमुळे.

मात्र या व्यवस्थेचा मुख्य आधार असलेला पास रोज घरी परतणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांचा पुणे विद्यापीठाशी असलेला संबंध संपला. २०१८ साली या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. उच्च शिक्षण असे घराजवळ आले, तरी अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि स्पर्धा परीक्षांसाठी पुणे-मुंबईची ओढ कायम राहिली. वर्षातून दोन-तीनदाच घरी जाणाऱ्या अशा विद्यार्थ्याला मासिक पासाचा उपयोग नाही.

त्याच्यासाठी एसटीच्या सवलतींच्या यादीत एक वेगळी नोंद आहे. सुटीत मूळ गावी जाण्या-येण्यासाठी, परीक्षेसाठी आणि आजारी आईवडिलांना भेटण्यासाठी विद्यार्थ्यांना भाड्यात ५० टक्के सवलत आहे. त्यासाठी संस्थेचा दाखला लागतो. ही सवलत कोणत्या गाड्यांना लागू आहे, याची आगारात आधी चौकशी केलेली बरी. विद्यार्थिनींचे काम १७ मार्च २०२३ पासून सोपे झाले आहे. त्या दिवसापासून एसटीत सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे आणि त्याला दाखल्याची अट नाही.

सवलत असली, तरी गाडीत जागा हवी. सणाची गर्दी एकाच दिशेने वाहते, हे येथील खरे दुखणे. दिवाळीपूर्वी पुण्याहून निघालेली जादा गाडी खचाखच भरते, पण परतताना तिला प्रवासी मिळत नाहीत. भाऊबीजेनंतर नेमके उलटे होते. एका फेरीच्या उत्पन्नात दोन फेऱ्यांचे डिझेल भागवायचे असल्याने जादा गाड्यांना मर्यादा पडते. ही उणीव खासगी गाड्या भरून काढतात आणि तिची किंमतही वसूल करतात. २०१८ साली राज्य शासनाने त्यांच्या भाड्याला एसटीच्या भाड्याच्या दीडपट इतकी कमाल मर्यादा घातली. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस, ऐन दिवाळीच्या तोंडावर, एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२पर्यंत लांबला. तेव्हा एसटी नसली की काय होते, हे खान्देशातील प्रत्येक घराने पाहिले.

मनात आणले तर काय करता येते, याचा दाखलाही खान्देशातच आहे. टाळेबंदीत राजस्थानातील कोटा येथे महाराष्ट्रातील विद्यार्थी अडकले, तेव्हा २९ एप्रिल २०२० रोजी एसटीच्या सुमारे ७० गाड्या धुळ्याहून त्यांना आणण्यासाठी निघाल्या. मुंबई-आग्रा महामार्गावरील धुळे त्यासाठी सोयीचे होते. किती मुले आहेत आणि कोठे जायची आहेत, हे आधी ठाऊक असल्यामुळे गाड्यांचे नियोजन करता आले.

सणाच्या काळातही याच माहितीची उणीव असते. आषाढी वारीसाठी ४० किंवा अधिक प्रवाशांनी एकत्र मागणी केल्यास गावातून थेट पंढरपूरला गाडी देण्याची पद्धत एसटीने सुरू केली आहे. वसतिगृहांनी सुटीच्या महिनाभर आधी तालुकावार याद्या करून आगाराकडे दिल्या, तर पुण्याहून थेट रावेरपर्यंतच्या गाडीचा विचार करणे एसटीलाही सोपे जाईल. मग मध्यरात्री भुसावळच्या फलाटावर कोणाला उजाडण्याची वाट पाहावी लागणार नाही आणि घरी जागणाऱ्या आईलाही वेळेवर झोप लागेल.