सरबताचा ठेला आणि न धरलेली मजुरी

मे महिन्यात चार दिवस मुलुंडला बहिणीकडे जाणे झाले. गावाकडे बागेला पाण्याच्या पाळ्या चालू असताना मुंबईत जाऊन बसायचे जिवावर आले होते, पण कामच तसे निघाले. बहिणीच्या सोसायटीत सुट्टीनिमित्त मुलांचा बाजार भरणार होता. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांतून बाल आनंद मेळावा भरतो, पोरे भाजी, भेळ, चिंचा-बोरे विकतात, त्यातलाच प्रकार. भाचा सहावीत आहे. तो आणि त्याचे पाच सवंगडी मिळून लिंबू-सरबत विकणार होते.

मंडपवाल्याकडून टेबल आणि छत्री भाड्याने आणावी, असे घरात ठरत आले होते. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर एका घरात सुतारकाम चालू असल्याचे पोरांनी हेरले. मुंबईच्या उपनगरांत हे काम करणारे बरेच कारागीर आता राजस्थान-उत्तर प्रदेशातले दिसतात. हे मिस्त्री मात्र सातारा भागातले, साठी ओलांडलेले. त्यांचे वडील गावचे बलुतेदार सुतार. नांगर, पाभर, बैलगाडीची चाके हे त्यांचे काम, आणि सुगीला खळ्यावर बलुते. लोखंडी अवजारे आली, ट्रॅक्टर आला, नि मुलगा मुंबईला आला. अशी घरे आपल्या प्रत्येक गावात दोन-चार तरी सापडतील.

पोरे त्यांच्याकडे उरलेल्या फळ्या मागायला गेली. ते म्हणाले, "फळ्या देतो, पर बनवून देणार न्हाई. करवत तुम्ही धरायची."

संध्याकाळी काम सुटल्यावर दोन दिवस हा उद्योग चालला. प्रस्तुत लेखक पाहुणा म्हणून गेला आणि फळ्या धरायला उभा राहिला. मापे इथे मुद्दाम देत आहे, कारण आपल्याकडच्या कोणत्याही शाळेला हा ठेला करता येईल.

दोन इंची चौरस लाकडाचे चार उभे घेतले. पुढचे दोन साडेसहा फूट, मागचे दोन सहा फूट. म्हणजे वरच्या कापडाला मागे उतार मिळतो आणि मोठ्या माणसाचे डोके पुढे आपटत नाही. फळा चार फूट लांब, दीड फूट रुंद. त्याची उंची जमिनीपासून अडीच फूट. आपण सवयीने तीन फूट घेऊ, पण दहा-बारा वर्षांच्या पोराला तेवढ्या उंचीवर लिंबू पिळताना खांदे वर करावे लागतात. खाली जमिनीपासून अर्ध्या फुटावर दुसरी फळी, पाण्याचे भांडे ठेवायला. वजन खाली राहिले की ठेला कलंडत नाही. दीड फूट रुंदीच्या उंच वस्तूला ही काळजी घ्यावीच लागते. वारा सुटला तर वरचे कापड सरळ काढून घ्यायचे.

पहिल्या दिवशी पोरांनी चार उभे आणि आडव्या पट्ट्या जोडून टाकल्या आणि झाला ठेला म्हणून नाचू लागली. मिस्त्रींनी एका बोटाने ढकलले, तर ठेला गाडीच्या जुवासारखा डुलायला लागला. ते काही बोलले नाहीत, विडी ओढत बसले. अर्ध्या तासाने एका पोरीच्याच लक्षात आले की कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी पट्टी मारली तर हलणार नाही. मागे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, अशा तीन तिरप्या पट्ट्या बसल्या आणि डुलणे थांबले. शेडचे कैचीकाम पाहिलेल्या शेतकऱ्याला यात नवल नाही, पण पुस्तकातला त्रिकोण तिला त्या दिवशी हाताला लागला.

खिळे वापरले नाहीत. ठेला ओढताना खिळा ढिला होतो, स्क्रू होत नाही. आधी बारीक भोक पाडायचे, मग दोन इंची स्क्रू, म्हणजे पट्टी चिरत नाही. भोके पाडायचे विजेचे यंत्र मिस्त्रींनी स्वतःच्याच हातात ठेवले, हातकरवत मात्र पोरांना दिली. कडा ऐंशी नंबरच्या आणि नंतर एकशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या. फळ्यावर मेणकापड ताणून बसवले, कारण लिंबाचा रस लाकडात मुरला की फळी काळी पडते आणि मुंग्या हटत नाहीत. चारही उभे फळ्याशी बोल्टने जोडले. चार बोल्ट काढले की सगळा ठेला जिन्याखाली मावतो.

लाकडाबद्दल दोन शब्द. मुंबईत जुने लाकूड मिळण्याची सोय आहे. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात मोडलेल्या दारा-खिडक्यांचे सागवानही मिळून जाते. गावाकडे बाभूळ हाताशी असते, पण ती जड, आणि पोरांच्या करवतीला दाद देत नाही. नीलगिरी स्वस्त, परंतु ओली वापरली तर वाळताना पीळ खाते आणि चिरते. आंब्याच्या फळ्या चालतील, मात्र पावसात ठेवू नयेत, कीड लागते. मालाखाली येणारे लाकडी पॅलेट भंगारवाल्याकडे असतात, ते चांगले. पण त्यावरचा शिक्का पाहावा. एच.टी. ही इंग्रजी अक्षरे असतील तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले आहे. एम.बी. असतील तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते खाण्यापिण्याच्या कामाला घेऊ नये.

पाण्याच्या बाबतीत बहिणीने कडक धोरण ठेवले, आणि ते बरोबरच होते. मार्च २०१९ मध्ये कुर्ला स्थानकावरच्या एका स्टॉलवर घाणेरड्या रीतीने सरबत बनवत असल्याची चित्रफीत पसरली, आणि मध्य रेल्वेने आपल्या स्थानकांवर लिंबू-सरबत, काला खट्टा विकण्यावर बंदी घातली. एकाच्या हलगर्जीपणाने सगळ्यांचा धंदा बसला. पोरांनी उकळून गार केलेले पाणी वापरले, पिळायला हातयंत्र घेतले आणि बर्फ घरच्या फ्रीजचा पुरेना म्हणून थोडा विकतचा आणला. विकतचा बर्फ पाहून घ्यावा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम २०१८ साली लागू झाला, तो याचसाठी. गावच्या शाळेत बाजार भरणार असेल तर जलसुरक्षकाला आदल्या दिवशी टाकीत टीसीएल टाकून ओटी टेस्ट घ्यायला सांगावे. ग्रामसेवकाला एक फोन करण्याचे काम आहे.

बाजार दणक्यात झाला. त्रेचाळीस ग्लास गेले, वीस रुपयांप्रमाणे आठशे साठ रुपये जमले. भाच्याने वहीत खर्च लिहिला होता: पंचवीस लिंबे दीडशे रुपये, बर्फ साठ, कागदी ग्लास साठ. एकूण दोनशे सत्तर. नफा पाचशे नव्वद. पोरांनी मिस्त्रींना बोलावून सरबत पाजले आणि वही दाखवली.

त्यांनी चष्मा लावून वही वाचली आणि विचारले, "साखर कुणी दिली रं?"

"आईने. घरचीच होती."

"घरची म्हंजे फुकट व्हय? आन् स्क्रू, मेणकापड?"

"बाबांनी आणले."

"लाकूड? माझी मजुरी? तुम्ही सहा जण तीन तास उभे ऱ्हायला, ते कुठं लिवलंय?"

पोरे गप्प. मग त्यांनीच वही पुढे ओढून नव्याने मांडणी करायला लावली. साखर, मीठ, जिरे शंभर रुपये. स्क्रू, कागद, मेणकापड तीनशे वीस. लाकूड विकत घेतले असते तर सहाशे. मिस्त्रींची अर्ध्या दिवसाची मजुरी पाचशे. ठेल्याचा सगळा खर्च चौदाशे वीस. पण ठेला एका दिवसात संपत नाही. असे दहा बाजार तो टिकेल असे धरले तर एका बाजारावर एकशे बेचाळीस रुपये पडतात. पाचशे नव्वदमधून शंभर आणि एकशे बेचाळीस गेले, उरले तीनशे अठ्ठेचाळीस. सहा पोरांचे तीन-तीन तास, म्हणजे अठरा तास. तासाला एकोणीस रुपये. ठेला बांधण्यात पोरांच्या दोन संध्याकाळी गेल्या, त्या यात धरलेल्याच नाहीत.

"म्हणजे आम्ही तोट्यात?" भाच्याने विचारले.

"तोट्यात न्हाई. पर पाचशे नव्वद बी न्हाई," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पाव्हणं, आमच्या बापानं जलमभर सवताची मजुरी कवा धरली न्हाई. तुमच्या शेतकऱ्यानं बी न्हाई."

हे बोलणे मनात घेऊनच मी परत आलो. आपण वेगळे काय करतो? बियाणे, खत, औषध, डिझेल लिहितो. घरच्या बाईची खुरपणी, पोराने रात्री दिलेले पाणी, आपली वर्षभराची राबणूक, बैलाची आणि मोटारीची झीज, जमिनीचा खंड, गुंतलेल्या पैशाचे व्याज यातले काही लिहीत नाही. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं' ही म्हण आपण दुसऱ्यावर घालतो. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग याच गोष्टी वेगवेगळ्या धरतो. प्रत्यक्ष खिशातून गेला तो खर्च ए-२. त्यात घरच्यांच्या श्रमाची किंमत मिळवली की ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याजही धरले की सी-२. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, पण हिशेब ए-२ अधिक एफएलवर झाला. शेतकरी संघटना सी-२ मागत राहिल्या. भांडण एवढे मोठे, आणि ते कशावरून हे गावातल्या किती जणांना सांगता येईल? त्या सहा पोरांना मात्र सरबताच्या वहीवरून समजावता येईल.

लिंबाला तर हमीभावही नाही. ग्लासच्या वीस रुपयांत लिंबाचे साडेतीन, आणि तेही मुलुंडच्या किरकोळ भावाने. त्यातून वाहतूक, हमाली, तोलाई आणि मधल्यांचा वाटा गेल्यावर श्रीगोंद्याच्या बागायतदाराच्या हातात काय पडत असेल ते वाचकांनीच ताडावे. २०२२ च्या एप्रिलमध्ये मुंबईत एक लिंबू दहा रुपयांवर गेले होते, पण तेव्हा झाडावर माल होता कुणाकडे? हस्त बहार ज्याला साधला त्याच्याकडे.

हा विचार नवा नाही, हेही सांगितले पाहिजे. मुलुंडपासून फार लांब नाही त्या अंधेरीत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ काम करीत. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस लाकूड-लोखंडाचे काम, वीज, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य यांत हाताने काम करावे, शिकवायला गावचा कारागीर असावा, आणि मुलांनी केलेले काम गावाने दाम देऊन घ्यावे, अशी त्यांची पद्धत. कलबाग २००३ मध्ये गेले, पण त्यांची पद्धत अनेक शाळांत पोहोचली आहे. त्याआधी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली होतीच. आपल्या शाळांत कार्यानुभवाचा तास असतो. बऱ्याच ठिकाणी त्या तासाला गणिताचा राहिलेला धडा होतो, हे शिक्षकमंडळी खासगीत कबूल करतात.

एक शंका हमखास निघते, की हे बालमजुरीत तर मोडत नाही ना? शाळेच्या वेळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली एक दिवसाचा बाजार हा शिक्षणाचा भाग आहे. पण तोच ठेला उचलून रोज एस.टी. स्टँडवर चौदा वर्षांखालच्या पोराला कुणाच्या कामाला उभे केले तर ते २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे गुन्हा ठरते. शाळा व्यवस्थापन समितीने ही रेघ पहिल्याच बैठकीत आखून घ्यावी.

निघताना मिस्त्रींनी ठेल्याची मापे एका पुठ्ठ्यावर काढून दिली. तो पुठ्ठा आमच्या गावच्या मुख्याध्यापकांकडे दिला आहे. गावात अजून एक सुतार आहे, तो दोन दिवस यायला तयार झाला, मजुरी घेऊन. ती लोकवर्गणीतून द्यायचे ठरत आहे. मुख्याध्यापकांना अडचण एकच वाटते. मुलांनी स्वतः केलेल्या ठेल्याची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करताना किमतीच्या रकान्यात किती लिहायचे? मी त्यांना भाच्याच्या वहीतले ते पान पाठवतो म्हणून सांगितले आहे.